भुलीच्या टबातला शेवटचा मासा

आयर्लंडला निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये समुद्रकड्यांच्या सहलीचं तिकीट होतं, डब्लिनच्या किल्ल्याचं होतं, आणि कुठल्याशा बेटावर पक्षी दाखवायला नेणाऱ्या बोटीचंही होतं. यातलं मी काहीएक पाहिलं नाही. तेव्हा ज्यांना आयर्लंडमध्ये काय काय बघावं हे वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं, मी रागावणार नाही. मी पाहिले ते मासे. तेही वीतभर लांबीचे, आणि बहुतेक वेळ झोपलेले.

याला कारण माझी भाची ऋचा. पुण्यात प्राणिशास्त्र शिकली आणि पुढच्या संशोधनासाठी तिकडच्या विद्यापीठात गेली. विषय काय, तर सॅल्मन माशाच्या पिल्लांना खूण करायच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना. माझं माहेर मालवणचं. आमच्याकडे मासा म्हटलं की पुढचा शब्द ताट. त्यामुळे विषय ऐकल्यावर घरात सगळ्यांनी एकच विचारलं, "खूण कशाला गं? ओळखून खायचाय का?" ऋचा तेव्हा हसली होती. मी नाशिकला भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या टेबलापाशी पेशंटच्या डोक्याशी बसून लोकांचे श्वास मोजण्यात माझा जन्म गेला. मोठी सुट्टी अशी कधी घेतलीच नव्हती. यंदा म्हटलं, बास झालं, भाचीकडे जायचं आणि हिंडायचं.

डब्लिनला उतरल्यावर पहिल्या दोन रात्री सँडीफोर्ड या उपनगरात काढल्या. तिथे ऋचाची मैत्रीण गौरी राहते, एका कंपनीत नोकरी करते. सकाळी ट्रामला पळता पळता म्हणाली, "मावशी, चहाचे मग प्रेसमध्ये आहेत हं." मी बराच वेळ इस्त्री शोधत बसले. प्रेस म्हणजे तिकडे कपाट (भिंतीतलं, स्वयंपाकघरातलं), हे मला संध्याकाळी कळलं, तोवर चहा वाटीतून पिऊन झाला होता.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेला कासलबारला जाणारी आगगाडी धरली. आयर्लंड आडवं कापायला अर्धा दिवसही लागत नाही. शॅनन नदी ओलांडली की शेतं लहान होत जातात, दगडी बांध वाढतात, आणि बांधांवर गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुललेली असतात. समोर एक आजोबा बसले होते, डब्लिनला नातीला भेटून घरी निघालेले.

"कासलबारच्या हॉस्पिटलात का?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडचे डॉक्टर बरेच आहेत तिथे. माझा गुडघा तुमच्यातल्याच एकाने केला. भला माणूस."

"डॉक्टर आहे मी," मी म्हटलं, "पण निघालेय माशांकडे."

यावर त्यांनी थोडा विचार केला आणि 'ग्रँड' म्हणाले. तिकडे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. पाऊस आला ग्रँड, गेला ग्रँड. बाहेर मेंढ्या दिसत होत्या, कुणाच्या खांद्यावर निळा रंग फासलेला, कुणाच्या ढुंगणावर लाल. मी विचारलं हे काय. म्हणाले, डोंगर सगळ्यांचा सामायिक असतो, म्हणून ज्याची त्याची खूण. निळी त्यांची, लाल शेजाऱ्याची.

"आणि तिला दोन्ही रंग आहेत की!" मी एका मेंढीकडे बोट दाखवलं.

"तिच्यावरून बोलणं बंद आहे आमचं," आजोबा शांतपणे म्हणाले.

कासलबारच्या स्टेशनवर ऋचा आली होती. वाळलेली, हात गारठ्याने लाल झालेले, अंगात ढगळ रेनकोट. मला मिठी मारली तेव्हा केसांना मासळीचा वास आला. मला तो वास आवडतो, पण पोरीचा चेहरा काही आवडला नाही. "कशी आहेस?" म्हटलं, तर "ग्रँड गं मावशी." मग गाडी सुरू केली. मी आपली घरच्यांनी पाठवलेले लाडू, चकल्या, मेतकूट यांची यादी सांगत होते. मध्येच ती म्हणाली, "मावशी, माझी पिल्लं मरतायत."

ती राहते त्या गावाचं आणि नदीचं नाव मी लिहीत नाही. ऋचाने तसं बजावलंय. एका डोंगराच्या पायथ्याशी तळं आहे, तळ्यातून नदी निघते आणि थोड्याच अंतरावर समुद्राला मिळते. नदीकाठी मत्स्यबीज केंद्र आहे. सॅल्मन अंडी घालतो नदीत, पिल्लू गोड्या पाण्यात एकदोन वर्षं वाढतं, मग वसंतात त्याचे ठिपके जाऊन अंग रुपेरी होतं आणि ते समुद्राकडे निघतं. अशा पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. समुद्रात मोठं होऊन ते परत त्याच नदीत येतं. पण किती येतात, कुठल्या टाकीतले येतात, हे कळायचं तर पिल्लू जाण्याआधी त्याला खूण हवी. खूण करायची ती रुपेरी व्हायच्या आत, कारण त्यानंतर हात लावला की खवले सुटतात.

रात्री जेवताना (भात, मेतकूट आणि तिथलं अफलातून पिवळं लोणी) तिने मला तिन्ही पद्धती समजावल्या. पहिली जुनी, तारेची. केसाइतक्या बारीक पोलादी तारेचा कण मशीनने पिल्लाच्या नाकाडात घालायचा, आणि शेपटीजवळचा पाठीवरचा चिमुकला पर कापून टाकायचा, म्हणजे बाहेरून ओळख पटते. दुसरी रंगाची. डोळ्यामागे पारदर्शक कातडी असते, तिच्याखाली रंगीत द्रवाचा थेंब सोडायचा, तो तिथेच घट्ट होतो. तिसरी सुईची. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी जाड सुईने पोटात ठेवायची. कुपीला स्वतःचा नंबर असतो आणि नदीत आडव्या बसवलेल्या अँटेनावरून मासा गेला की तो नंबर आपोआप नोंदला जातो.

"मग सुईचीच सगळ्यात चांगली की," मी म्हटलं.

"तेच तर सिद्ध करायचं होतं मला." ऋचाने ताट सरकवलं. "मावशी, रंगावरून नुसता गट कळतो, कुठला मासा ते नाही. आणि तार वाचायची कशी माहितीये? मासा परत आला, इतका समुद्र तुडवून आपल्या नदीत आला, की त्याला मारायचं. डोकं कापायचं, तार काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मागच्या हिवाळ्यात मी हेच केलंय. बादल्याच्या बादल्या डोकी. कुपीवाला मासा जिवंत वाचता येतो. पण माझ्या प्रयोगात कुपीवालीच मरतायत. रंगवाली थोडी, कुपीवाली सगळ्यात जास्त. आणि तारेची सगळी मजेत."

असंच चाललं तर निष्कर्ष उघड होता. कुपी घातक, तार बरी. ते तिच्या प्रबंधात जाणार, आणि त्या नदीवर पुढेही वर्षानुवर्षं डोकी कापली जाणार. पोरीचं सगळं काम त्या एका टाकीत उलटं पोहत होतं. मी तिला म्हटलं, "उद्या मी येते तुझ्याबरोबर." ती म्हणाली, "उद्या तुझी कड्यांची ट्रिप आहे." म्हटलं, "कडे कुठे पळून चाललेत?"

सकाळी पाऊस आडवा पडत होता. केंद्राची प्रमुख नोरा. माझ्याच वयाची, उंच, खणखणीत आवाजाची. तिने मला वेलीज दिले (गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट), तेही माझ्यापेक्षा दोन माप मोठे. दारातच मी खाद्याच्या बादलीला अडखळले आणि तिच्या पायाशी साष्टांग पडले. "हे दरवेळी करावं लागत नाही," नोरा म्हणाली आणि मला एका हाताने उचलून उभं केलं. आमची तिथेच गट्टी जमली.

आत शिरले आणि लवंगेचा वास आला. मला वाटलं कुणी मसाला भाजतंय की काय. तर माशांना भूल देतात ती लवंगेच्या अर्काची! टबात पाणी, पाण्यात तो अर्क, त्यात जाळीभर पिल्लं सोडायची. आधी ती सैरभैर पळतात, मग कलतात, मग कुशीवर निजतात. उभा जन्म भूल देण्यात घालवलेली मी, पण दाढदुखीवरच्या लवंगेने मासे झोपतात हे मला ठाऊक नव्हतं. मी फार खूश झाले.

टेबलाशी तिघींची जागा. मशीन नोराकडे. एक एक पिल्लू टबातून उचलायचं, नाक साच्यात धरायचं, खट्, तार आत. तारेचा वाटा झाला की ऋचा रंगाचा वाटा करणार, आणि उरलेल्यांना सुई. टोचायचा परवाना त्या दोघींकडेच. मला एक स्टूल दिलं आणि सांगितलं, बघायचं, हात लावायचा नाही. हे मला जमणं कठीण होतं.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा करायला गेले. सुईवाली पिल्लं शुद्धीवर येताना मंद दिसत होती. मी जाहीर करून टाकलं, "भूल जास्त होतेय. अर्क कमी करा."

नोराने मान हलवली. "कमी केला होता एकदा. अर्धवट झोपलेलं पिल्लू हातात उसळतं, खवले जातात, सुई भलतीकडे शिरते. नाही डॉक्टर, मात्रा बरोबर आहे."

तिचं बरोबर होतं. अर्धवट भूल ही सगळ्यात वाईट भूल, हे मीच माझ्या ज्युनियरांना ओरडून सांगते. मी गप्प बसले, जे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

दुपारी चहाला नोराने ब्राऊन ब्रेड आणला, वर स्मोक्ड सॅल्मनचे काप. मी म्हटलं, "अगं, सकाळभर ज्यांना जपायचं त्यांनाच दुपारी खायचं?" ती म्हणाली, "हा आपल्या नदीतला नाही. हा दुसऱ्या गावचा." मी खाल्ला. अप्रतिम होता, उगाच खोटं कशाला बोला.

संध्याकाळी ऋचाच्या प्राध्यापकांचा फोन आला. फोन ठेवल्यावर ती भांडी घासायला उभी राहिली, घासलेलीच परत घासायला लागली. मी नळ बंद केला आणि विचारलं काय झालं. म्हणाली, "सर म्हणतात उद्याची खेप झाली की कुपीचा भाग थांबव. आहे त्यावर लिही, कुपीने मरतात असं. उरलेली पिल्लं पाणी चढलं की नदीत सोडून दे." मग एकदम भडकली. "पण पटत नाहीये मला! कुपी जड आहे, पोटात जाते, त्याने मरतील असं धरून चालू. पण रंगाने का मरावीत? एक थेंब आहे तो, मावशी! कातडीखालचा एक थेंब!"

हा प्रश्न चांगला होता. मी रात्रभर तो घेऊनच झोपले.

दुसऱ्या सकाळी मी स्टूल उचललं आणि टेबलाशी न बसता टबाशी बसले. मला माशांना टोचण्यातलं काही कळत नाही, कळतो तो श्वास. पिल्लाच्या कल्ल्यांवरची झाकणं उघडमीट होतात, तोच त्याचा श्वास. नोराने पहिलं उचललं तेव्हा झाकणं छान हलत होती. तारेचा वाटा संपेपर्यंत ठीक होतं. रंग सुरू झाला तशी टबातल्या उरलेल्यांची हालचाल संथ झाली. आणि ऋचाने सुई हातात घेतली तेव्हा तळाशी निजलेल्या पिल्लांची झाकणं मधूनच कधीतरी, नाइलाजाने उघडत होती. पेशंटचा असा श्वास दिसला तर मी थिएटर डोक्यावर घेते.

मी डोक्यावर घेतलंच. "थांबा! थांबा गं दोघी! याला काढा, यालाही, सगळे बाहेर काढा आधी!"

दोघी दचकल्या. पण नोराने एक शब्द न विचारता जाळी घातली आणि सगळी पिल्लं ताज्या पाण्यात सोडली. मग वळून म्हणाली, "आता सांगा."

"रोज हाच क्रम असतो? आधी तार, मग रंग, मग सुई?"

"नेहमीच. तार आधी."

"एकाच टबातून?"

"एकाच टबातून," ऋचा म्हणाली, आणि म्हणतानाच तिचा आवाज खाली गेला. तिला कळलं होतं.

"अगं, मग कुपीवाल्यांना तू नुसती कुपी देत नाहीयेस. सगळ्यात लांब भूलही देतेयस. रंगवाली मधली, म्हणून मधल्या हिशोबाने मरतात. तारवाली पहिल्यांदा उठून जातात, म्हणून मजेत. तू तीन खुणांची तुलना करत नव्हतीस, बाळा. भूल कमी, मध्यम आणि जास्त, अशी तुलना चालली होती."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला वाटलं नोरा चिडणार, तिच्या घरात येऊन तिच्याच टबाला नावं ठेवलेली. ती स्टूलवर बसली. "या केंद्रात कायम फक्त तार होती," ती सावकाश म्हणाली. "टबात जेवढी सोडायची तेवढ्यांना लागोपाठ तार. झरझर व्हायचं. मग ऋचाचे दोन प्रकार आले, आम्ही ते मागे जोडले. टब मात्र तोच राहिला." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "कुणाच्याच डोक्यात आलं नाही."

"माझ्या तरी कुठे आलं? काल मात्रेवरून वाद घालत बसले होते."

ऋचा मात्र कोसळली. म्हणजे खरोखर ओल्या फरशीवर बसली आणि रडायला लागली. "मी मारली ती सगळी. कुपीने नाही, मी मारली." तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मला ते गोंजारणं जमत नाही. मी म्हटलं, "मारलीस. आता रडणार आहेस की परत करणार आहेस?" कठोर बोलले, ठाऊक आहे. तिने रेनकोटच्या बाहीने नाक पुसलं आणि विचारलं, "नोरा, मागच्या टाकीतल्या पिल्लांना अजून हात लावलेला नाही ना?"

"नाही. पण ती रुपेरी व्हायला लागलीयेत. आणि पुढच्या आठवड्याच्या शेवटी मोठा पाऊस आहे. नदी चढली की ती थांबत नाहीत, टाकीच्या भिंतींवर आपटायला लागतात. सोडावीच लागतील."

"मग त्याआधी," ऋचा म्हणाली.

प्राध्यापकांना फोन तिने माझ्यासमोरच लावला. माझी ही भाची लहानपणी दुकानदाराला सुटे मागायला लाजायची. त्या दिवशी ती खिडकीशी उभी राहून ठणकावून बोलत होती. चूक माझी आहे, क्रम चुकला, आधीची माहिती बाद धरा, मला पाऊस येईपर्यंत वेळ द्या. मग त्यांनी विचारलं, आणि परत तेच दिसलं तर? ती म्हणाली, "तर तेच लिहीन." त्यांनी होकार दिला, मात्र एकदाच, पुन्हा मुदत मिळणार नाही असं बजावून. मी माझ्या फोनवरून बेटाची बोट रद्द केली.

नवी पद्धत आम्ही तिघींनी चहाच्या टेबलावर ठरवली. मोठा टब बंद. लहान घमेली, एका वेळी मोजकीच पिल्लं, आणि दर घमेल्याला क्रम वेगळा. कधी सुई आधी, कधी रंग, कधी तार. कुठला क्रम हे चिठ्ठी काढून ठरवायचं, म्हणजे कुणाच्या आवडीनिवडीला जागा नको. चौथा गट काहीच न टोचलेला, नुसता निजवून उठवलेला. नोराने मला एक काम नेमून दिलं. घमेल्याशी बसायचं, कल्ले बघायचे, आणि ज्याचा श्वास संथ वाटेल ते पिल्लू सरळ ताज्या पाण्यात टाकायचं, खूण झाली असो वा नसो. "इथे तुमचा शब्द शेवटचा," ती म्हणाली. सर्जन लोकांनी मला हे असं कधी सांगितलेलं नाही.

मग ते दिवस आले. त्यांचं वर्णन काय करणार? गारठा, ओल, लवंग. बोटं बधिर व्हायची, पाण्यातून काढली की दुखायची. मान अवघडायची. मशीनचं खट् खट् कानात बसलं होतं. एकदा नोराची तार अडकली, मशीन उघडून साफ करेपर्यंत घमेल्यातली सगळी पिल्लं मी उठवून टाकली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. ऋचाने तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली, मराठीत. नोराने अर्थ विचारला. मी म्हटलं, "ग्रँड." आपल्याकडचा एक डॉक्टर कासलबारहून सुट्टीच्या दिवशी पोह्यांचा डबा घेऊन आला, ऋचाच्या ओळखीचा, साताऱ्याचा मुलगा. आमचे हात बघून म्हणाला, "काकू, हे काय चाललंय?" त्यालाही चिठ्ठ्या काढायला बसवलं. जेवायची शुद्ध नव्हती कुणाला, पण पोह्यांचा कण उरला नाही. नोराने तर डबा निरपून खाल्ला आणि या पिवळ्या पदार्थाला काय म्हणतात ते दोनदा विचारलं.

शेवटचं घमेलं झालं तेव्हा डोंगरावर काळं भरून आलं होतं. पुढचे काही दिवस फक्त वाट बघायची. ऋचा उठल्या उठल्या टाक्यांकडे धावायची. मी तिच्या मागून, मोठ्या बुटांत फतक फतक करत. मेलेलं पिल्लू वर तरंगतं, त्यामुळे लांबूनच कळतं. पहिल्या सकाळी काही नव्हतं. दुसऱ्या सकाळीही नाही. नोरा म्हणाली, आधीच्या वेळी एव्हाना दिसली होती. तिसऱ्या सकाळी रंगवाल्यांत काही नाही, तारवाल्यांत काही नाही, न टोचलेल्यांतही नाही, आणि कुपीवाल्यांत पांढऱ्या पोटांची अगदी थोडी, लहानशी.

ऋचाने ती हातात घेतली. सगळीच्या सगळी बारकी होती, टाकीतली सर्वांत खुरटी. मोठ्यांना कुपीचं काही वाटलं नव्हतं. अशा बारक्या पोटात मात्र तो तांदळाचा दाणा मावत नव्हता.

मी हळूच म्हटलं, "अगं, ही तशीही खुरटीच होती. ही सोडून धरलं तर कुपी एकदम..."

"मावशी!" ती अशी ओरडली की नोरा आतून बाहेर आली. "मी सरांना काय सांगितलंय? जे दिसेल ते लिहीन. एका मापाच्या खाली कुपी नको, त्यांना रंग द्या. मोठ्यांना कुपी चालते. हेच दिसलंय आणि हेच लिहिणार."

मी तिची माफी मागितली. लहान तोंडी मोठा घास घेतला होता तो मीच. आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाच टाकीतलं पाणी किती घाण झालंय यावर बोलत बसले.

पाऊस आला तो रात्रभर कोसळला. सकाळी नदी चहासारख्या रंगाची होऊन दुथडी वाहत होती. तिकडे डोंगरात पीट असतं (दलदलीतली काळी जळाऊ माती), त्याने पाणी असं होतं. टाकीची झडप नोराने ऋचाला उघडायला लावली. पिल्लं आधी बिचकली, पाण्याच्या तोंडाशी घुटमळली, शेपट्या पुढे करून उलटी उलटी सरकत गेली. मग एकाएकी टाकी रिकामी झाली. मी इतकी माणसं शुद्धीवर आणली, त्यातल्या कुणाला असं जाताना पाहिलं नव्हतं. तिघी भिजत उभ्या होतो. नोराने फक्त "जा रे" असं काहीतरी आयरिशमध्ये म्हटलं आणि आत जाऊन चहाचं पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. नोराने ते वेलीज मला बांधून दिले, घालू कुठे म्हटलं तरी ऐकेना. स्टेशनवर ऋचा म्हणाली, "तू काही बघितलंच नाहीस गं आयर्लंड." म्हटलं, "गाडीतून बघेन." आणि बसल्या बसल्या झोपले, डब्लिनलाच उठले.

नाशिकला लोक विचारतात कसा झाला प्रवास, फोटो दाखवा. माझ्याकडे घमेल्यांचे फोटो आहेत. लोक नम्रपणे बघतात. कामावर रुजू झाले तेव्हा एक मात्र केलं. आमच्याकडे दिवसाच्या ऑपरेशनांचा एक ठरलेला क्रम असतो, तो का ठरला हे कुणालाच सांगता येत नाही. शेवटच्या पेशंटला पहाटेपासून उपाशी ठेवलेलं असतं आणि त्याच्या वेळी आम्ही सगळे दमलेलो असतो. मी सर्जनना विचारलं, हा क्रम रोज हाच का? ते म्हणाले, पहिल्यापासून असाच आहे. मी म्हटलं, मग आपण बोलू यावर. अजून बोलणं चालू आहे, आवाज चढलेत, पण मी सोडणार नाही.

मागच्या आठवड्यात दोन ऑपरेशनांच्या मध्ये ऋचाचा फोन आला. पलीकडे वारा होता, ती नदीच्या मुखाशी उभी होती.

"मावशी, जातायत गं! अँटेनावरून जातायत. नंबरावर नंबर येतायत. कुठलं केव्हा गेलं सगळं कळतंय. आपली जातायत समुद्रात."

मी भिंतीला टेकले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मास्कने टिपलं. "आणि तारवाली?" मी विचारलं. "ती गेली का?"

"गेली असणारच. पण ते नक्की कळायचं तर ती परत आल्यावर मारावी लागतील."

"मग राहू दे," मी म्हटलं. "नाही कळलं तरी चालेल."